टोपी उडवायची तर नीट उडवा

नाशिकच्या चित्रपट-वारशाचा विषय निघाला की गाडी दादासाहेब फाळक्यांपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. त्याच जिल्ह्यातलं मालेगाव यादीत येतच नाही. यंत्रमागाच्या त्या गावात शेख नासिर आणि मंडळींनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा दरोडेखोरांच्या घोड्यांच्या जागी सायकली आल्या. पुढे त्यांनी काढलेल्या सुपरमॅनच्या चित्रपटावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला. त्यात सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन बघायला मिळते. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा याच मंडळींवरचा हिंदी चित्रपट आला आणि मालेगावचं कौतुक एकदम फॅशनमध्ये आलं. कौतुक योग्यच आहे. पण आज एखाद्याने तसा ‘शोले’ काढून नेटवर चढवला, तर तो किती दिवस टिकेल, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांपैकी कोणी विचारताना दिसत नाही.

आता ही हौस अख्ख्या चित्रपटाची उरलेली नाही, ती साडेतीन मिनिटांच्या गाण्यात भागते. रॅप असो, अहिराणी ठेका असो की गणपतीचं गाणं, व्हिडिओत एखादा तोंडपाठ चित्रपट उभा करायचा, पात्रांचे कपडे चढवायचे आणि त्याच चित्रपटाची टोपी उडवत त्याला सलामही ठोकायचा. याची लाज वाटायचं कारण नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट मराठी माणसाला पाठ आहे, आणि तो स्वतः १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे. खुद्द फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण उभा राहिला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. उसनवारीवर आपला सगळा पडदा उभा आहे. भांडण आहे ते उसनं कसं घ्यावं याचं.

माझं म्हणणं असं: विडंबनाला भारतीय कॉपीराइट कायद्यात नाव घेऊन जागा मिळाली पाहिजे. आणि ही जागा मागणाऱ्यांनी आधी मूळ चित्रपटाचे तुकडे आणि मूळ ध्वनिमुद्रण उचलून ‘आदरांजली’ लिहिण्याचा धंदा बंद केला पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण तशा त्या नाहीत. दृश्य पुन्हा उभं करण्यात जे कष्ट आहेत तेच विनोदाला धार देतात आणि कोर्टातही तेच उपयोगी पडतात.

आधी कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काही वापर हक्कभंगाबाहेर ठेवतं. खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. विडंबन हा शब्द तिथे नाही. आधार आहे तो एका निकालाचा. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सिविक चंद्रन खटल्यात एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक ‘टीका’ या सदरात बसवलं. तपासायला तीन गोष्टी सांगितल्या: किती आणि काय घेतलं, कशासाठी घेतलं, आणि नवी कृती जुनीचं गिऱ्हाईक पळवते का. निकाल उत्तम आहे, पण वकील लावण्याची ऐपत असलेल्यालाच तो कामी येतो. नाशिकरोडच्या दोन खोल्यांत संकलन करणाऱ्या पोरांना नोटीस आली की ती व्हिडिओ उतरवून मोकळी होतात.

दृश्याच्या बाबतीत आपलं नशीब थोडं बरं आहे. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, एका मालिकेतल्या कुटुंबासारखं कुटुंब दाखवणाऱ्या जाहिरातीच्या खटल्यात, चित्रपटाची ‘प्रत’ म्हणजे त्याच मुद्रणाची प्रत, असा अर्थ लावला. नव्याने चित्रित केलेलं साम्य त्यात येत नाही. पण २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टायरच्या दोन जाहिरातींच्या वादात उलट सांगितलं: प्रत म्हणजे निव्वळ यांत्रिक नक्कल नव्हे, सार उचललं तरी ती प्रतच. म्हणजे पंचवटीत केलेला व्हिडिओ मुंबईच्या निकालाने तरतो आणि दिल्लीत दावा लागला तर बुडू शकतो. पटकथा, संवाद, चाल यांचे हक्क आणखी वेगळे. कायद्याने गप्प बसण्याचा फायदा कोणाला होतो, ते यात दिसतं.

गाण्याचा गुंता तर याहून वाईट. एका जुन्या गाण्यात शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे तीन वेगळे धनी असतात. ‘कव्हर करायला, म्हणजे जुनं गाणं नव्याने गाऊन मुद्रित करायला, परवानगी लागत नाही’ असं सर्रास सांगतात, ते कलम ३१ सी अर्धवट ऐकून. ती सवलत मूळ मुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी लागू होते, किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं, ती फक्त ध्वनिमुद्रणापुरती आहे, आणि शब्दांत किंवा चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल चालत नाही. विडंबनात शब्द बदलणं हाच तर सगळा खेळ, त्यामुळे ही वाट आपल्यासाठी बंदच. ‘चित्रपट जुना आहे, आता मोकळा झाला’ हेही तपासून बोलावं. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. १९६० चा चित्रपट २०२१ उजाडताना मोकळा झाला. पण त्यातलं गाणं गदिमांचं असेल तर शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले आहेत, कारण गदिमा १९७७ मध्ये गेले आणि साहित्याची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजतात.

सात सेकंद घेतले तर चालतं, तीस सेकंद चालतात, चित्र आरशासारखं उलटं केलं की चालतं, वेग १०२ टक्के केला की पकडत नाहीत. हे चहाच्या टपरीवरचे कायदे आहेत. यूट्यूबची जुळणी-यंत्रणा काही सेकंदांचा तुकडाही ओळखते, आणि चाल नव्याने गाऊन घेतली तरी सूर जुळवते. तिला टीका, थट्टा, आदर यातलं काही कळत नाही. दाव्याला हरकत घेतली की समोरच्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. गणपतीच्या गाण्याला ३० दिवस म्हणजे बाप्पा गावाला गेले सुद्धा. तीन स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे तीन ठपके, पडले की चॅनेल बंद, आणि एक स्ट्राइक उतरायला ९० दिवस. आपल्या देशाच्या कॉपीराइट नियमांत तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर अडवायचा आणि तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो अशी तरतूद आहे. ती किती जणांना ठाऊक असते?

म्हणून उचलू नका, उभं करा. आणि उभं करणं म्हणजे फक्त कपडे भाड्याने आणणं नव्हे.

नक्कल ओळखू येते ती आधी चौकटीवरून. १९२० × १०८० पिक्सेलच्या चित्रात जुना मूकपट हवा असेल तर रुंदी १४४० वर आणा, बाजूला काळं. सिनेमास्कोपचा, म्हणजे लांबट रुंद पडद्याचा, भास हवा तर उंची ८०४ ठेवून वर-खाली १३८ पिक्सेलच्या पट्ट्या द्या. या पट्ट्या संकलनात आठवल्या की डोकी कापली जातात, म्हणून चित्रीकरणाच्या दिवशीच मॉनिटरवर पारदर्शक टेप लावून रेषा आखून घ्यावी. मूळ फ्रेम छापून सोबत ठेवा आणि पहिली क्षितिजरेषा शोधा. सपाट जागेवर ती रेषा उभ्या माणसाच्या छातीवरून जात असेल तर मूळ कॅमेरा छातीच्या उंचीला होता, गुडघ्यावरून जात असेल तर गुडघ्याला. उंची ठरली की अंतर ठरवा, कारण माणूस आणि मागचा डोंगर यांच्या आकाराचं नातं अंतराने ठरतं, लेन्सने नाही. लेन्स सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात: मोबाइलची रुंद लेन्स तोंडाजवळ नेतात, नाक बटाट्यासारखं फुगतं आणि खलनायक बिचारा विदूषक वाटतो, तोही नको त्या ठिकाणी.

सत्तरच्या दशकातला तो दणकून येणारा झूम मोबाइलवर करायला गेलं की मध्येच लेन्स बदलते, रंग उडी मारतो, चित्र हिसका खातं. त्यापेक्षा एक लेन्स कुलूप लावल्यासारखी पक्की करा, ४के मध्ये, म्हणजे १०८० च्या दुप्पट रुंदी-उंचीत, चित्रित करा आणि १०८० च्या टाइमलाइनवर संकलनात २०० टक्क्यांपर्यंत आत जा. त्यातही सुरुवात आणि शेवट किंचित मऊ ठेवा. हाताने फिरवलेला झूम कधीच सारख्या वेगाने जात नाही, आणि ते अडखळणं गेलं की नक्कलही गेली.

वेग हा गाण्याच्या व्हिडिओतला खरा फास. मूकपट सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेमवर घेतलेले असत आणि पुढे २४ वर दाखवले गेले, म्हणून ती लगबग. ती लगबग हवी आणि गायकाचे ओठही जुळायला हवेत, तर २५ फ्रेमवर घेऊन संकलनात वेग १५० टक्के करायचा असेल, तर सेटवर गाणं ६६.६७ टक्के वेगाने वाजवलं पाहिजे. तीन मिनिटांचं गाणं साडेचार मिनिटं चालेल आणि गायक कंटाळेल, पण ओठ बसतील. स्लो मोशनचं उलट. ५० फ्रेमवर घ्यायचं तर गाणं दुप्पट वेगाने. रॅपच्या ओळी दुप्पट वेगाने कोणाच्या बापाला म्हणता येत नाहीत, तेव्हा स्लो मोशनमध्ये चालणं, वळणं, चष्मा काढणं एवढंच घ्यावं. फ्रेम २५ आणि शटर १/५० का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. ३० वर आणि १/६० शटरने घेतलं की दुकानाच्या ट्यूबलाइट पडद्यावर थरथरतात आणि ती थरथर नंतर निघत नाही. गाणं बांधतानाच ठेका मिनिटाला १०० ठेवला तर २५ फ्रेममध्ये एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची होते, कट डोळे मिटून बसतात. ९६ ला ती १५.६२५ येते आणि संकलक रात्रभर शिव्या देतो.

काळं-पांढरं करणं म्हणजे रंग काढून टाकणं नव्हे. फाळक्यांच्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल काळं पडे, निळं आकाश पांढरं होई. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या चॅनेल मिक्सरमध्ये लाल ०, हिरवा ४०, निळा ६० असं करून बघा, कुंकू काळं दिसेल, लाल काठ काळा, हळद काळपट, ओठ गडद आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक पुटकुळीचा डाग वर येईल. त्या काळचे नट चेहऱ्याला एवढा पांढरा थर का लावत, ते तेव्हा कळतं. अडचण अशी की मोबाइल आणि स्वस्त कॅमेऱ्याच्या चित्रात निळ्या चॅनेलला सगळ्यात जास्त गिजबिज (नॉइज) असते. संध्याकाळी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता, चढवून घेतलेल्या शॉटवर हा उपाय केला की गालांवर शेवाळ उगवल्यासारखं दिसतं. म्हणून असा शॉट भर उजेडात घ्या, थर्माकोलने उजेड परतवा आणि नटाला बेस लावा. जुन्या फिल्मसारखा दाणा, म्हणजे ग्रेन, घालण्याचा मोहही आवरा. अपलोड झाल्यावर फाइल दाबली जाते आणि त्याचे चौकोन होतात. घालायचाच तर हलका घाला आणि फाइल ४के करून चढवा.

आता जागा. ‘शोले’चे ते गोल ग्रॅनाइटचे धोंडे कर्नाटकातल्या रामनगरचे. आपल्याकडे काळा बेसाल्ट, थरावर थर, पायऱ्या पाडल्यासारखा. अंजनेरीच्या पायथ्याला कितीही धूळ उडवली तरी रामनगर होत नाही. लपवायला गेलात तर फसलात. फरक उघडा ठेवलात तर तोच विनोद: हे मालेगावकरांना पंचवीस वर्षांपूर्वी कळलं होतं. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे कॅमेरा लावून गाणं चित्रित करायला त्यांची परवानगी लागते. गोदाघाटावर मनपा आणि पोलीस. ड्रोन काढण्याआधी नागरी हवाई खात्याच्या डिजिटल स्कायचा नकाशा बघा, देवळालीला लष्कर आणि ओझरला विमानतळ आहे आणि लाल क्षेत्रात ‘दोन मिनिटांत उतरवतो’ हे कारण चालत नाही. द्राक्षबागेत दोन टप्प्यांत चित्रीकरण करणार असाल तर छाटणीच्या तारखा बागायतदाराला विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी-बोडकी होते, आणि मार्चच्या हिरव्या मांडवाखाली पळणारी नायिका एप्रिलमध्ये काड्यांतून पळताना दिसते. घडांना हात तर मुळीच लावू नये. मण्यांवरचा पांढुरका थर पुसला की मालाचा भाव पडतो आणि बागायतदार पुढच्या वेळी फाटक उघडत नाही, अगदी योग्य करतो.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. बारा तासांच्या शिफ्टमध्ये नीट जुळवलेले वीस-पंचवीस शॉट होतात, त्यात पोशाख बदलायचे असतील तर पंधरा. म्हणून पाच चित्रपटांची पाच-पाच सेकंदं करण्यापेक्षा एकाच चित्रपटाचे चार शॉट अचूक बसवावेत. पहिला इतका तंतोतंत की बघणारा आपोआप पुढचा संवाद म्हणू लागेल, आणि नेमकी तिथेच गाडी वळवावी. अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’ची ताकद हीच होती. वृत्त मूळ कवितेचं, अगदी मात्रेला मात्रा, आणि आतला मजकूर पार घसरलेला. वृत्तच सैल असतं तर उरली असती ती नुसती टवाळी.

जुन्या चित्रपटासोबत त्याची घाणही येते. आपल्या लाडक्या विनोदी चित्रपटांत सावळ्या रंगावर, जाड्या बाईवर, खेडवळ बोलीवर आणि मुलीच्या मागे लागण्यावर भरपूर हशा काढलेला आहे. सलाम ठोकताना हे सगळं तसंच्या तसं उचलणाऱ्याला मी विडंबनकार म्हणणार नाही. त्याने काहीच उलटं केलेलं नसतं. अहिराणी बोलणारा माणूस दरवेळी बावळटच का, हा प्रश्न तर धुळे-मालेगावच्या पोरांनी स्वतःच्या व्हिडिओंनाही विचारावा.

कष्ट घेऊन केलेल्या कामाला मात्र कायद्याने पाठीशी घालायला हवं. ब्रिटनने २०१४ मध्ये आपल्या कायद्यात विडंबन आणि व्यंगचित्रणाला नाव घेऊन सूट दिली. कॅनडाने २०१२ मध्ये विडंबनासोबत उपहासही घातला. आपलं कलम ब्रिटिश वळणाचंच आहे, त्यात दोन शब्द घालायला आकाश कोसळणार नाही. मला कॅनडाची तऱ्हा जास्त पटते. कारण आपल्याकडे चित्रपटाची थट्टा कमी आणि चित्रपटाचा वेश घेऊन दुसऱ्याची थट्टा जास्त. सिंहस्थाच्या नावाने खणलेल्या रस्त्यांवर कोणी डाकूंच्या चित्रपटाच्या थाटात गाणं केलं, तर त्यात टीका चित्रपटावर नाही, खड्ड्यांवर आहे. नुसतं ‘विडंबन’ म्हटलं तर हे गाणं बाहेर राहील, आणि ज्याला झोंबलं तो कॉपीराइटची तक्रार पुढे करून ते उतरवून घेईल.

निर्माते म्हणतात, परवानगी मागा, आम्ही देतो. ज्याची टोपी उडवायची त्यालाच विचारून उडवायची, तर ती टोपी हवेत जाणार नाही. आदरांजलीला परवानगी मिळते, थट्टेला मिळत नाही, आणि चांगल्या कामात दोन्ही एकाच शॉटमध्ये असतात.

या सवलतीला कुंपण असावं, हे मान्य. मूळ ध्वनिमुद्रण आणि मूळ चित्रफीत तिच्यात नको. आणि नटाचा किंवा गायकाचा आवाज यंत्राने बनवून वापरणं तर अजिबात नको. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना रोखलं ते बरोबरच. त्याच वर्षी जॅकी श्रॉफ यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने माल विकणाऱ्यांना अडवलं, पण त्यांच्यावर गमतीदार व्हिडिओ करणाऱ्या यूट्यूबरला तडकाफडकी बंद करायला नकार दिला. आवाज काढणारा मिमिक्री कलाकार गळा झिजवतो. बटण दाबून काढलेल्या आवाजात ती झीज नाही आणि ऐकणाऱ्याची फसवणूक मात्र होते.

तोवर कोणाचीही परवानगी न लागणारं एक कोठार नाशिककरांच्या दाराशी आहे, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, नाशकात कंपनी चालवलेल्या आणि १९४४ मध्ये इथेच वारलेल्या फाळक्यांचे सगळे चित्रपट कधीच मोकळे झालेत. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंके या एकाच नटाने केले होते. एवढ्या एका गोष्टीवर एखादा तिखट रॅपर पूर्ण गाणं रचील. ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी, हे दुसरं गाणं. यातले उरलेले तुकडे थेट वापरायलाही हरकत नाही. फक्त नेटवर सापडणाऱ्या प्रतींवर नंतर कोणीतरी पार्श्वसंगीत चढवलेलं असतं आणि त्याचा हक्क नवा असतो. आवाजाचा ट्रॅक आधी पूर्ण काढून टाका, प्रत बनवणाऱ्याचा शिक्का असलेली पाटी कापा, आणि मगच संकलनाला बसा.